लोशनच्या वासाने पक्षी उडतात

१२ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

माझं आयुष्य बदललं ते गेल्या मंगळवारी, संध्याकाळी पावणेसहाला. दुर्बीण होडीतली मागची फळी सोडून वल्ह्यांजवळच्या फळीवर येऊन बसली. हे फोनवर सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच वाक्याला ओरडली असतीस, म्हणून पत्र.

दुर्बीण म्हणजे तळ्यावरचे पक्षी मोजायला येणारी मुलगी. हे नाव मीच ठेवलंय, कारण तिला पलीकडच्या काठावरचं बदक दिसतं आणि समोर घाम गाळणारा नावाडी दिसत नाही. कॉलेज अर्ध्यात सोडून मी होडी वल्हवायची नोकरी धरली, हे बाबा अजून पाहुण्यांना सांगत नाहीत. त्यांना काय कळणार!

तळ्यावरच्या बोट क्लबचा धक्का आमचे नावाडीकाका चालवतात. माणूस कसला, चालतीबोलती मच्छरदाणी! होडीत पाय टाकण्याआधी पूर्ण बाह्या, मोजे आणि डासांचं लोशन. कानामागे लावलं की नाही, तेही विचारतात. वास असा, की ती शेजारी बसली तरी औषधाच्या दुकानात रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं. शेवटी मी तोडगा काढला. काठ लांब गेल्यावर गंभीर चेहऱ्याने तिला सांगितलं, की या वासाने पक्षी उडून जातात. बिचारीने रुमाल ओला करून सगळं पुसून टाकलं. मधमाश्या पाळायला निघाल्यासारखी दिसतेस म्हटल्यावर बाह्याही वर गेल्या. तेव्हापासून रोज हेच. पक्षी जागेवर आहेत आणि मीही.

माया असू दे, नसली तरी तसं कळवू नकोस.

तुझा धाकटा

१५ ऑगस्ट

चि. भडक्यास, अ. उ. आ.

तापाच्या वॉर्डात आठ वर्षं नर्स म्हणून काढून मला जे कळलं नाही, ते तुला होडीत आठ दिवसांत कळलं. अभिनंदन. पक्ष्यांचं नाक इतकं तिखट असतं, हे कोणत्या प्राध्यापकाने शिकवलं? कॉलेज तर सोडलंस.

डेंग्यूचा डास दिवसाढवळ्या चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. म्हणजे नेमका तुझ्या प्रेमाच्या वेळेला. उद्यापासून तिला सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सांग. उन्हाचं क्रीम लावत असेल तर ते आधी, लोशन त्यावरून, आणि बाटलीवर लिहिलंय तितक्या तासांनी पुन्हा. पक्ष्यांबद्दल थाप मारलीस, हेही सांग. ताप आला, डोळ्यांमागे दुखलं, तर मनाने गोळ्या नकोत, सरळ डॉक्टर गाठा.

तुझ्यावरचा लोभ कायम आहे. तुझ्या अकलेवर कधी नव्हताच.

ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. दुर्बीण परवाच दवाखान्यात गेली. डेंग्यू. प्लेटलेट उतरतायत. मी रोज जिन्यापर्यंत जातो आणि तिथेच उभा राहतो.

तिचे वडील मला गुणी मुलगा समजतात. काल म्हणाले, की तुझ्याइतकी काळजी त्या नावाडीकाकांनी घेतली असती तर पोर आज घरी असती. त्यांनी क्लबात तक्रार दिलीय, की काकांनी तिला लोशन दिलंच नाही. काका शपथेवर सांगतायत की रोज दिलं, पण तिचे हात चावल्याच्या खुणांनी भरलेत आणि ती तापात काही बोलत नाही. पुढच्या शुक्रवारी बैठक. धक्का काकांच्या हातून जाणार.

काल मी काकांची बाजू घेऊन क्लबच्या सेक्रेटरीवर ओरडलो, टेबल आपटलं, त्याच्या चष्म्याचासुद्धा उद्धार केला. खरं सोडून सगळं बोललो. खरं बोललो तर ती कायमची गेली, ताई.

रागव, पण लिही.

तुझा धाकटा

२२ ऑगस्ट

चि. भडक्यास, अ. उ. आ.

ती बहुतेक बरी होईल. आमच्याकडचे बरेचसे होतात. काकांच्या धक्क्याला मात्र सलाइन लावता येत नाही.

टेबल आपटायला जोर लागतो, एवढं तुला येतंच. आता टेबल न आपटता बोलून बघ. आणि तिला गमावशील म्हणून रडू नकोस. आपण कोणाशेजारी बसतोय, हे तिला अजून माहीतच नाही.

माया आहे, म्हणून इतकं लिहिलं.

ताई

३० ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लोभ आत्ताच मागून ठेवतो. पत्र संपेपर्यंत तोंड उरणार नाही.

ती घरी आली. प्लेटलेट चढल्या, त्यात माझं कर्तृत्व शून्य.

काल बैठकीला गेलो. सेक्रेटरी, तिचे वडील, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर काका. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की काकांनी रोज लावायला लावलं आणि मी रोज पुसायला लावलं. वडिलांनी विचारलं, का? म्हटलं, मला वास आवडत नव्हता. इतकं फालतू उत्तर मी परीक्षेतसुद्धा लिहिलं नव्हतं.

 ते अगदी हळू म्हणाले, की आमच्या घराकडे फिरकू नकोस, तू काय केलंस ते तिला मी सांगेन. सेक्रेटरीने उत्साहाने जोडलं, की धक्क्यावरही फिरकायचं कारण नाही. धक्का काकांकडेच राहिला.

वाटलं, आता काका निदान मान वर करतील. त्यांनी ती केली नाही. एवढंच म्हणाले, की जाताना दार लावून घे, डास आत येतात.

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.