बिनमिशीचा स्वार

बाबा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात असा माझा संशय आहे. गेली साठ वर्षं तो मनात धरून आहे, आज कागदावर उतरवते. तुम्ही समोर असतात तर खाकरून विडी पेटवली असती आणि विषय पांगाऱ्याच्या लाकडावर नेला असता. आता तुम्हाला तसं करता येत नाही, एवढाच माझा फायदा.

आपल्या पडवीत लाकूड कातायचा चरक होता. आई दोरी ओढायची आणि तुम्ही पटाशी धरायचात. लाखेची कांडी टेकवली की फिरत्या लाकडावर रंग चढायचा, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी यायची. मी शाळेतून आले की पाटी ठेवून तुमच्याशेजारी बसायची. माझं काम मिशांचं. जत्रेसाठी तुम्ही घोड्यावरचे स्वार करायचात, हातात तलवार, बैठकीच्या कडेला तुमच्या खुणेच्या दोन हिरव्या रेषा. बायकाही करायचात, पण त्यांची कामं ठरलेली. उभी असली तर डोक्यावर घागर, बसलेली असली तर पुढ्यात जातं. गंमत अशी की डोकी सगळ्यांची सारखीच कातलेली असायची. मिशी काढेपर्यंत स्वार कोणीच नसतो, हे मला नऊ-दहा वर्षांची असताना कळलं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एका दुपारी मी एका स्वाराला मिशी काढलीच नाही. कपाळावर कुंकू टेकवलं, जरा वाकडंच, आणि मांडीवर कासोट्याच्या चार रेघा ओढल्या. गडबडीत लगाम काढायचा राहिला. तुम्ही टोपलीत पेंढा घालून स्वार भरत होतात. ती हातात आली तसे थांबलात.

"मिशी खंय गेली ह्येची?"

"ती बाई आसा," मी म्हटलं.

"बाई घोड्यार बसान खंय चल्ली?"

"लढाईक."

तुम्ही हसलात. ते हसणं अजून माझ्या कानात आहे आणि ते कौतुकाचं होतं की चेष्टेचं, याचा मला आजवर उलगडा झालेला नाही. मग तुम्ही म्हणालात, "असला गिराइक घेवचा नाय गो. लाकूड फुकट गेला. कुंचलो ठेव थंय, उद्यापासून तुझा काम शाळेत."

माझी बाई दोन दिवस फळीवर होती. जत्रेहून तुम्ही परत आलात तेव्हा फळी रिकामी. मी विचारलं तर म्हणालात, "खंय पडला असात वाटेत." मला ते तेव्हाही पटलं नाही. फळीवरची वस्तू वाटेत कशी पडेल? जत्रेत न खपता परत आलेले स्वार मी एकेक करून उचलून पाहिले. माझ्या मिशा डावीकडे जरा वर जात. एका स्वाराची मिशी अगदी सरळ होती, तुमच्या हाताची. झालं, मी ठरवूनच टाकलं की तुम्ही माझ्या बाईचं कुंकू खरवडून तिचा बाप्या केलात. पुन्हा चरकापाशी फिरकले नाही. तुम्ही बोलावलंही नाहीत. मी शिकले, देवगडला शाळेत शिक्षिका म्हणून लागले, आणि आपलं बोलणं खुशालीपुरतं राहिलं. माझ्या हाताच्या कामाला कोणी विचारत नाही, ही समजूत मात्र माझ्या अंगात मुरली, बाबा. पुढे कुणाला साधी रांगोळी काढून दाखवायलाही मी बिचकायची.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. माझा दुसरीचा वर्ग. मागच्या ओळीत एका आंबेबागेवरच्या गड्याची मुलगी पाटीच्या कडेवरून घोडा उडवते आहे आणि समोर मांडलेले खडूचे तुकडे तलवारीने पाडते आहे. मी जवळ जाते. घोड्यावर बाई आहे. कुंकू आहे, कासोटा आहे, हातात लगाम आहे. खाली दोन हिरव्या रेषा. ही माझी नव्हती. हे कुंकू गोल गरगरीत होतं. ही तुम्ही केलेली होती.

"कुठून आणलंस हे?" मी विचारलं.

"आजयेन जत्रेतसून हाडल्यान."

खेळणी शाळेत आणायची नाहीत, सुटताना परत देईन, असं सांगून मी ती काढून घेतली.

सुट्टीत घरी जाऊन मी आईला धरलं. ती म्हणाली, "दर जत्रेक पाच-सात करीत ते. पयली तीच जायत. तुका सांगूक नको म्हणान माका बजावल्यानी."

"कित्याक?"

"तुका कळला तर तू शाळा सोडून चरकार बसतलंस म्हणान."

आईचं हे म्हणणं मला अजून पुरतं पटलेलं नाही. माणूस गेलं की घरचे त्याच्या वागण्याला बरी कारणं शोधतात. मला शिकवायचं होतं तर तसं सांगायचं होतं. गिराइक घेणार नाही, असं कशाला सांगितलंत? बाईने लढाईला गेलेलं तुम्हाला चाललं, विकलंही गेलं, फक्त ती काढणारी मुलगी पडवीत नको होती, असंही असू शकतं. माझी वाकड्या कुंकवाची कुठे गेली, ते आईलाही ठाऊक नव्हतं. तिच्यावरून बघून बघून तुम्ही बाकीच्या केल्यात, की मागे ठेवून घेतलीत, की खरंच पडली?

आता माझं सांगते. त्या दिवशी शाळा सुटली तेव्हा ती मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बाई, माझा खेळणा?" मी खण उघडल्यासारखं केलं आणि म्हटलं, "इथे नाही गं. कुठेतरी पडलं असेल." पुढचे आठ दिवस ती रोज विचारायला यायची. "बाई, गावला?" मी मान हलवायची. मग तिने विचारणं सोडलं.

तुमची घोडेस्वार बाई हे लिहिताना माझ्यासमोर आहे. तलवारीचं टोक त्या मुलीच्या खेळण्याने झिजलंय. हे पत्र मी कुठे टाकणार नाही. खरं तर ते तिला लिहायला हवं होतं. तिचं नाव मला आठवतं, गाव ठाऊक आहे, आणि ती अजून आहे.