जुन्या चपला दाखवून घेतलेले बूट

भिवंडी,
भाऊबीजेनंतरचा रविवार

तीर्थरूप कमळताई यांस,

भावजय विनिताचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी इतकी वर्षं नुसता लिहीत आले. हल्ली सकाळी पळून आले की दाराच्या आत खरोखर आठही अंगांनी आडवी होते, तेव्हा या वेळचा नमस्कार अस्सल समजावा.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी वेळेवर घेता, की आठवेल तेव्हा? आम्ही इकडे ठीक आहोत. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता, आणि मला एक गोष्ट शेवटपर्यंत सांगायची आहे. म्हणून पत्र लिहिलं. तुमचा प्रितेश कामाला मानकोलीला येतो, त्याच्या हाती देते आहे. सोबत एक खोका आहे. पत्र पुरं वाचून होईपर्यंत तो उघडू नये. तुम्ही उघडलाच असेल, तर निदान झाकण परत लावा.

सत्तावन्नाव्या वर्षी मी पळायला लागले, हे प्रितेशने सांगितलं असेलच. का लागले, ते त्याला ठाऊक नाही. तुमचा भाऊ तीस वर्षं कापडाच्या लूमच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी सातला घरी यायचा. जिन्यावर चपलांचा आवाज यायचा, एक पाऊल नीट आणि एक घासत, आणि तो दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी चहाचं आधण ठेवायची. तो जाऊन तीन वर्षं झाली तरी सातच्या ठोक्याला माझे कान जिन्याकडे आणि हात गॅसकडे जातो. तेव्हा सात वाजता घरात असायचंच नाही, असं मी ठरवलं. आधी चालत होते. पण रोजची वाट पायाखालची झाली की लवकर संपते, सातला दहा कमी असताना मी परत दारात. म्हणून वाट लांबवत नेली. पळायला लावलं ते मानकोलीच्या वाटेवरच्या एका कुत्र्याने. ते थांबलं तरी मी थांबले नाही, कारण बरं वाटत होतं. (कुत्र्यालाच काळजी वाटली असावी. बराच वेळ माझ्याकडे बघत उभं होतं.) आता त्या रस्त्यावरचे ट्रेलरवाले मला ओळखतात. पहिल्या आठवड्यात एकाने गाडी थांबवून विचारलं होतं, "माताजी, बस छूट गई क्या? बैठो, छोड देते हैं." मी धापा टाकत नुसता हात हलवला, तो त्याला होकार वाटला आणि त्याने दार उघडलं. पुढची पाच मिनिटं मी पळते आहे आणि उघड्या दाराचा ट्रेलर माझ्या बरोबरीने हळूहळू येतो आहे, अशी आमची वरात निघाली.

डिसेंबरात ठाण्याला एकवीस किलोमीटरची शर्यत आहे. तिच्यात मी नाव दिलं. नंबर येणार नाही हे मलाही कळतं. पण शेवटच्या रेघेपर्यंत स्वतःच्या पायांनी पोचायचं, कुणी उचलून न्यायचं नाही, एवढं मनात आहे. आजवर मी सुरू करून मीच संपवलेलं असं काही आठवायला बसले तर स्वयंपाक आठवतो, आणि तो काही संपत नाही.

आता बुटांचं. भाविक म्हणाला, आई, मोबाइलवर मागव, उद्या घरी येतील. पण तुम्हाला माझी सवय माहीत आहे. शाळा सातवीत सुटली, त्याची भरपाई म्हणून मी पुढ्यात येईल ते वाचते, पुडीचा कागदसुद्धा. लायब्ररीतून पळण्यावरचं पुस्तक आणलं आणि दोनदा वाचलं. (दुसऱ्यांदा वाचलं कारण पहिल्यांदा वाचताना व्यायामाची चित्रं बघून झोप लागली होती.) त्यात लिहिलं होतं, बूट घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. अंगठ्यापुढे नखभर जागा असावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपली नेहमीची जुनी पादत्राणं सोबत न्यावीत. ती कुठे झिजली आहेत ते पाहून जाणकार माणूस तुमची चाल ओळखतो. मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी तिन्ही वाक्यं वहीत उतरवली आणि चपला पिशवीत घालून ठाण्याच्या मोठ्या दुकानात गेले.

तिथे मेघाली नावाची मुलगी होती, बोलायला गोड, कामाला चोख. म्हणाली, काकू, या फिरत्या पट्ट्यावर दोन मिनिटं पळून दाखवा, मी मागून व्हिडिओ काढते. आता भिवंडीहून दोन रिक्षा बदलून यायचं, ते काय एका जागी पळायला? आणि मागून व्हिडिओ? मी म्हटलं, बाई गं, माझी चाल बघायची तर या चपला बघ, सगळं त्यात आहे. तिने चपला उलट्या केल्या, बॅटरी लावून पाहिल्या आणि डॉक्टरसारखी गंभीर झाली. उजवी टाच आतल्या बाजूने पार गेली होती. म्हणाली, तुमचा पाय आत कलतो, तुम्हाला आतून टणक आधार असलेला बूट लागेल, नाहीतर गुडघे जातील. मला फार बरं वाटलं. एवढी वर्षं साधी समजत होते, आणि निघाले खास बूट लागणारी. तिने एकदाच विचारलं, "काकू, या चपला तुम्हाला मोठ्या नाही होत?" मी ऐटीत सांगितलं, पायाला वारा लागलेला बरा असतो.

पुढचे पाच आठवडे त्या बुटांनी मला शिस्त लावली. मी सरळ पळायला बघायची आणि उजवा पाय मला बाहेर ढकलायचा. आधी वाटलं, नवे आहेत, पायात बसतील. मग वाटलं, मी जुनी आहे, बुटात बसेन. गुडघा बाहेरच्या बाजूने ठणकायला लागला, तरी पुस्तकात कुठे चूक दिसेना. जिना उतरताना मी कठड्याला धरून आडवी उतरायला लागले, खेकड्यासारखी. शर्यत दोन महिन्यांवर आली होती आणि मला सकाळी दूध आणायला जमेना.

शेवटी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात धामणकर नाक्यावर नूर मोहम्मदभाईंच्या चपलांच्या दुकानात गेले. तुम्हालाही ठाऊक आहेत ते, तुमच्या लग्नातल्या चपला त्यांच्याच वडिलांकडच्या. एका हातात बूट, दुसऱ्या हातात पुराव्यादाखल चपला, आणि तोंडाने त्या पोरीच्या तक्रारी. नूरभाईंनी बुटाला हातही लावला नाही. चप्पल उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवली. मग म्हणाले, "भाभी, ये एडी तो केसरीभाई की है. मैंने खुद दो बार भरी है, लूम का पट्टा काट के."

ताई, मी खरंच सांगते, त्या चपला तुमच्या भावाच्या, हे तोवर माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ त्याच माझ्या पायात होत्या. दुकानात मी "माझ्या जुन्या चपला" म्हटलं ते खोटं म्हणून नाही. लूमच्या दोन रांगांमधल्या चिंचोळ्या वाटेत तुमचा भाऊ बिघडलेलं यंत्र ऐकू आलं की उजव्या टाचेवर वळायचा. रात्रभर, तीस वर्षं. ती टाच त्याने झिजवली, आणि मी शिकलीसवरली बाई ती पिशवीत घालून ठाण्याला नेली आणि गेलेल्या माणसाच्या चालीचा बूट घेऊन आले. मी आधी हसले. मग नूरभाईंनी पंखा वाढवला आणि चहा मागवला, तेव्हा कळलं की मी नुसती हसत नव्हते. मी म्हटलं, तीन वर्षं मी घालते आहे, माझी झीज कुठे आहे मग? ते म्हणाले, "आपका वजन ही क्या है भाभी. उनकी आदत पुरानी है, इतनी जल्दी नहीं जाएगी."

मग त्यांनी माझे पाय पाण्याने ओले करवले आणि दुकानाच्या कोरड्या लादीवर चार पावलं चालायला लावलं. ठसे बघून म्हणाले, एकदम सीधा पाँव है, इसको कुछ नहीं चाहिए, सादा जूता दो. माझ्या पायांविषयी जन्मात कुणी चांगलं बोललेलं मला आठवत नाही, त्यामुळे ते ठसे वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. साधा बूट घेतला. आठवड्यात गुडघा शांत झाला. काल चौदा किलोमीटर पळाले.

आता तुम्ही विचाराल, त्याच्या चपला घरात राहिल्याच कशा. तेराव्याला तुम्ही दारात बसून सांगितलं होतं, "वैनी, गेलेल्या माणसाच्या चपला घरात ठेवायच्या न्हाईत. त्याचा पाय घरातून निघत न्हाय." मी मान हलवली, नवे सँडल आणि बूट काढून दिले, आणि या चपला तांदळाच्या ड्रमामागे सरकवल्या, त्या तुम्ही गेल्यावर माझ्याच पायात आल्या. तुमचा शब्द मोडायचा नव्हता. पण पाय निघत नाही म्हणालात, आणि मला तर तेच हवं होतं. तीन वर्षं हे पोटात ठेवलं, आज सांगितलं. रागवायचं तर रागवा, पण ब्लडप्रेशरची गोळी घेऊन रागवा.

भाऊजींना नमस्कार, प्रितेशला आशीर्वाद.

तुमची,
विनिता

ता. क. खोक्यात तेच ठाण्याचे बूट आहेत. तुमचा माझा नंबर एकच. भाऊबीजेला तुम्ही भावाच्या जागी भाविकला ओवाळत होता तेव्हा मी दाराशी चपला सरळ करायला वाकले, आणि तुमची उजवी चप्पल हातात आली. टाच आतून गेलेली. बरोबर तेवढीच. तुम्ही कधी लूम पाहिला नाही, म्हणजे हे तुमच्या घराण्यातच असणार. तुम्ही "वैनी, कुठे राहिलीस?" अशी हाक मारली तेव्हा मी चपलाच सरळ करत होते. बूट घालून बघा. ते माझ्यासाठी चुकले, पण मेघालीने काम चोख केलं होतं.

ता. क. २. चपलांवरून फारच राग आला तर एवढं आठवा, की त्याच तेराव्याला त्याचं तपकिरी मफलर तुम्ही घडी करून स्वतःच्या पिशवीत तळाला घातलंत. मी पाहिलं होतं. परत मागत नाही. डिसेंबरात पहाटे थंडी असते, तेव्हा घालून या.

ता. क. ३. "या" म्हटलं, कारण त्याच दिवशी पाच किलोमीटर चालणाऱ्यांचीही रांग असते आणि तिच्यात तुमचं नाव मी मागच्याच आठवड्यात दिलं आहे. वय तुम्ही लोकांना सांगता तेच लिहिलं. प्रितेशला सगळं ठाऊक आहे, त्याला ओरडू नका. तुमचं चालणं माझ्या आधी उरकेल. शेवटच्या रेघेपाशी थांबा, आणि तुमच्या भावाच्या जुन्या चपला पिशवीत घेऊन थांबा, त्या मी प्रितेशकडेच देऊन ठेवीन. एकवीस किलोमीटरनंतर पाय इतके सुजतील, की मला त्या अगदी मापाच्या होतील.