कालचे पाणी

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

पाणी शिळे होते हे कोणत्या धर्मशास्त्रात लिहिले आहे, ते शोधायला हवे. सकाळी नळ आले. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, हंडे-माठ घासले आणि त्याच ओघात माशांची काचेची पेटीही राखेने घासून नव्या पाण्याने काठोकाठ भरली. पेटी आणून आठवडाही झालेला नाही. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच थोडे थोडे घाला, असे दुकानदाराने बजावले होते.

"घरमा शिळं पानी कोन्ही ठेवस का?" अक्काचे उत्तर तयार होते. "आते कसं चकचकीत दिखस."

दिसते खरे. पण ब्लीचिंग पावडरीचा वास दारापर्यंत येतो आहे आणि मासे वर येऊन तोंडे उघडताहेत. प्रलयात मत्स्याने मनूला तारले; त्याची फेड नेमकी माझ्याकडूनच का?

बादलीभर कालचे पाणी मागत गल्लीत फिरलो. नळ आल्यावर सगळ्यांनीच ओतून दिलेले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तब्येत बरी शे ना?"

परत आलो, तर मासे अजून वरच. आता काय करायचे? वाट पाहायची.

खरे सांगायचे तर चिंता माशांची नाही. वडील, नाना, अर्धांगवायूने पलंगावर आहेत. मी नजरेआड झालो की हाका मारतात. मासे आल्यापासून तासभर तिकडे बघत राहतात आणि मी तेवढा बाहेर जाऊन येतो. मासे मेले तर तेही बंद होईल, याची मला भीती वाटते.