आधीच लिहिलेले नऊ डबे

लाडके ओडेलिया,

माझी पाठ आता बरी आहे, तू घोर लावून घेऊ नकोस. टेसीचा खोकला कसा आहे? सकाळ-संध्याकाळ तिची छाती थोपटतेस ना?

इथे फ्लॉरिडात उकाड्याने जीव नकोसा झालाय. या आठवड्यात आमच्या साप-पैदाशीच्या फार्मवर कॉर्न स्नेक जातीच्या सापाची, एकेका डब्यात ठेवलेली बारा अंडी फुटू लागली. आईबाप दोघंही साधे तपकिरी, पण केशरी रंग दोघांच्याही रक्तात लपलेला. अशा जोडीला चारात एक पिल्लू केशरी, म्हणजे बारात तीन. पहिली तिन्ही केशरीच निघाली. मला वाटलं, केशरी संपली. उरलेल्या नऊ डब्यांवर 'साधं' लिहून मी मोकळा झालो. त्यांतली आणखी तीन केशरी निघाली.

आमचा म्हातारा मालक प्रुइट हसला. म्हणाला, "वेंडेल, आधी कोण निघालं हे पुढच्या अंड्याला कोण सांगतं रे? प्रत्येकाचं नव्यानंच ठरतं."

डब्यांवरचं 'साधं' पुसताना आपलंच आठवलं. टेसीचं दुखणं कळलं तेव्हा डॉक्टरही म्हणाले होते, ते आपल्या दोघांच्या रक्तात लपलेलं आहे, चारात एका बाळाला होतं. आणि तुला पुन्हा दिवस गेले तेव्हा मीच म्हणालो, "आपल्या वाट्याचं दुखणं टेसीनं भोगलं, हे बाळ धडधाकट." त्या भरवशावर तू पोटातल्या बाळाची तपासणी टाळलीस.

तपासणीची वेळ घे, ओडी. शनिवारच्या बसने येतोय, दोघं मिळून जाऊ.

डबे पुसून ठेवलेत. आता पिल्लू बाहेर आल्याशिवाय काही लिहीत नाही.

तुझाच, दमलेला
वेंडेल