दारावर फोन जमा न करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह,
दक्षिणी कन्या विद्यामंडळ,
खासगी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर.

विषय : शाळेच्या वेळेत कंबरदुखीचे ॲप चालू ठेवणार असल्याबाबत.
संदर्भ : आपले कारणे दाखवा पत्र, दि. ९ जुलै २०२५.

महोदय,

मी कार्यालयीन वेळेत मोबाईलवर खेळते, फरशीवर लोळते आणि वरिष्ठांची आज्ञा मोडते, असे तीन आरोप आपल्या पत्रात आहेत. सात दिवसांत खुलासा मागितला आहे. तो पाचव्याच दिवशी सादर करीत आहे.

१. मी या शाळेत एकोणीस वर्षे लिपिक आहे. दाखले, हजेरीपट, परीक्षेचे फॉर्म, सर्व काम खुर्चीत बसून. सहा वर्षांपूर्वी कंबर धरली, ती सुटली नाही. पडाव भागातल्या डॉक्टरांनी गोळ्या आणि पट्टा दिला, वाकू नका म्हणाले. मी वाकणे सोडले, मग जिना सोडला, मग नया बाजारात भाजीला जाणेही सोडले. दुखणे राहिले.

२. जानेवारीत फिजिओथेरपिस्ट अंतरा दिघे यांनी तपासले. त्या म्हणाल्या, "काकू, हाडं ठीक आहेत. हलायला घाबरता, म्हणून जास्त दुखतं." त्यांच्या सांगण्यावरून माझी मुलगी मधुवंती हिने फोनमध्ये ॲप घालून दिले. ते रोज सकाळी विचारते, दहापैकी किती दुखते. त्याप्रमाणे व्यायाम देते, फार दुखत असेल त्या दिवशी कमी देते, आणि दर चाळीस मिनिटांनी हिंदीत सांगते, "उठिए, थोड़ा चलिए." मी उठते, चार मिनिटे व्हरांड्यात चालते, परत बसते. जानेवारीत मी आठ लिहीत होते, जूनमध्ये चार. शून्य होईल असे कोणीही सांगितलेले नाही. यास खेळणे म्हणत असल्यास पहिला आरोप मान्य आहे.

३. लोळण्याबाबत. मधल्या सुट्टीत, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत, दार लावून मी सात मिनिटे चटईवर व्यायाम करते. अधीक्षक श्री. महिपतराव सुर्वे यांनी दार उघडून काढलेला फोटो आपल्या पत्रासोबत आहे. त्यात माझे गुडघे पोटाशी दिसतात. तो तिसरा व्यायाम आहे. फोटो कार्यालयीन वेळेत आणि मोबाईलवरच काढलेला आहे, याचीही नोंद व्हावी.

४. दि. २८ जून रोजी कार्यकारिणीच्या सभेत मी इतिवृत्त लिहीत असताना फोन मोठ्याने म्हणाला, "कमर ढीली छोड़िए, गहरी साँस लीजिए." अध्यक्ष हसले, श्री. सुर्वे हसले नाहीत. आवाज बंद ठेवायला हवा होता. त्याबद्दल, आणि फक्त त्याबद्दल, मी क्षमा मागते. आता फोन नुसता थरथरतो.

५. त्यानंतरच्या सोमवारी फाटकावर तोंडी आदेश आला. फोन जमा करायचा, तोही सर्वांत फक्त मी एकटीनेच. मी तीन दिवस केला. आठवणीने उठेन असे वाटले होते, पण प्रवेशाचे दिवस, खिडकीवर पालकांची रांग. घड्याळाकडे पाहावे तर तीन तास उलटलेले. तिसऱ्या दिवशी चार वाजता मला खुर्चीतून उठताच आले नाही. शिक्षिका मंदाताई आणि रुचिका यांनी मला खुर्चीसकट उचलून रिक्षापर्यंत नेले. शाळा नुकतीच सुटली होती. एका लहान मुलीने विचारले, "मैडम को क्या हुआ?" मंदाताई म्हणाल्या, "कुछ नहीं बेटा, बैठे-बैठे थक गईं." एकोणीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पुढे चार दिवस मी अंथरुणात होते आणि रोज नऊ लिहीत होते.

६. दि. ७ रोजी मी फोन पर्समध्ये ठेवून आत आले. चौकीदार म्हणाले, "मैडम, रजिस्टर में लिखना पड़ेगा." मी म्हणाले, "लिखिए, टाइम भी लिखिए." म्हणजे तिसरा आरोप खरा आहे. आज्ञा मी मोडली, आजही मोडली, उद्याही मोडणार आहे.

७. ॲप काढून टाकल्याचे हमीपत्र द्यावे, अन्यथा प्रकृतीच्या कारणाने स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, असे आपण सुचवले आहे. मी दोन्ही करणार नाही. माझ्या टेबलावर या वर्षीचा एकही प्रवेश अर्ज पडून नाही. आपण केव्हाही येऊन पाहावे. मला काढायचेच असल्यास मंडळाने लेखी आदेश द्यावा आणि कारण स्पष्ट लिहावे, की ही बाई दर चाळीस मिनिटांनी उठून चालत होती. तो आदेश मी उभ्याने स्वीकारीन.

अजून एक बाब आपल्या कानावर घालणे माझे कर्तव्य आहे. गुरुवारपासून मंदाताई तासांच्या मधल्या वेळात माझ्यासोबत व्हरांड्यात चालू लागल्या. शुक्रवारी रुचिका आल्या. आज आम्ही पाच जणी होतो. प्रत्येकीला स्वतंत्र पत्र काढणे सोयीचे व्हावे म्हणून नावे सोबत दिली आहेत.

अद्याप सेवेत असलेली,
शामला लक्ष्मीकांत पिंपळखरे
लिपिक
दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१. ॲपमधील जानेवारी ते जुलैच्या नोंदी
२. अंतरा दिघे यांचे प्रमाणपत्र
३. हमीपत्राचा कोरा नमुना, परत
४. चालणाऱ्यांची नावे, प्रत्येकीच्या स्वतःच्या अक्षरात