आधी खांड, मग पंचनामा

७ सप्टेंबर, पौर्णिमा
दुपारच्या उधाणाने बंधारा फोडला. आमच्याच शेताच्या तोंडाशी खांड, बैलगाडी जाईल एवढी. भात पोटरीत आलेलं आणि त्यात गुडघाभर खारं पाणी. हे ट्रेलर घेऊन गुजरातेत. फोनवर म्हणाले, सरकार भरपाई देईल. देईल तेव्हा देईल.

९ सप्टें.
तालुक्याला फोन केला. पंचनाम्याचे साहेब म्हणतात, "आम्ही येईपर्यंत कशाला हात लावू नका. फोटोत पाणी दिसलं पाहिजे."
कधी येणार? "बघू, पुढच्या आठवड्यात."
समुद्राला कोण सांगणार थांब म्हणून? खांड बुजते ती अष्टमीच्या भांगात, भरतीला जोर नसतो तेव्हा. तो दिवस हुकला की अमावास्येचं उधाण. मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात विसरा.

१२ सप्टें.
देवळात बैठक. रामदास भावोजी, माझे धाकटे दीर, शेत दोन्ही घरांचं. म्हणाले, "वयनी, थांब जरा. पानी गेला तं पैसं गेलं." निम्मे लोक त्यांच्या बाजूचे. मी म्हटलं, खारीत, म्हणजे बंधाऱ्याआतल्या जमिनीत, ज्याचं शेत त्याच्या घरचा एक माणूस बांधावर, हे सासऱ्यांच्या आधीपासून चालत आलंय. आमच्या घरचा माणूस मी. बाकीच्यांनी आपापलं बघावं.
मागून कोणीतरी पुटपुटलं, आता बायका बांधाचं बोलणार. कोण ते कळलंय मला.

१४ सप्टें., अष्टमी
बुजवली! बांबू, पेंढा, गोणी, चिखल. भरती चढायच्या आत शेवटची ढेप बसली. पुटपुटणारा आला होता. भावोजीही आले, तोंड फुगवून, पण सगळ्यात जास्त ढेपा त्यांच्याच. कंबर मोडली. मजा आली, खरं सांगायचं तर.

१५ सप्टें.
ओहोटीला बांधातल्या उघाडीचं दार उचललं. शेतातलं पाणी खाडीत गेलं. भात मात्र गेलंच.

१७ सप्टें.
साहेब उद्या येणार. संध्याकाळी भावोजी हळूच, "सकालच्या भरतीला उघाडी जरा उचलू. घोट्याएवढा पानी आत येल, फोटू निंगल, परत सोडू. कोनाला कललं?"
क्षणभर मोह झाला. लेकीच्या नर्सिंगची फी भरपाईच्या पैशांवरच धरली होती. मग स्वतःचाच राग आला. बुजवलेल्या बांधाच्या आत आपल्याच हाताने खारं पाणी घ्यायचं?
"मंग सायबाला एक जिताडा तरी दे." तळ्यातले जिताडे मासे उधाणात पळाले, एक उरलाय. तो आम्ही खाणार.

१८ सप्टें.
सकाळपासून उघाडीवर ठाण मांडून बसले. कोयता मांडीवर. भावोजी लांबून बघून गेले.
साहेब आले. "पाणी कुठाय?"
काढलं. बांध त्यासाठीच असतो.
"मग खाऱ्या पाण्याने पीक गेलं याचा पुरावा?"
वेळेवर आला असतात तर त्यातच उभे राहिला असतात.
पौर्णिमेचे फोटो दाखवले. म्हणे त्यावर जागा-तारखेचा शिक्का नाही, चालणार नाहीत. कागदावर लिहिलं, नुकसान आढळले नाही. सही करा म्हणाले. केली. सहीच्या वर ठळक लिहिलं, मान्य नाही. करपलेल्या भाताची एक पेंढी त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली. सीटभर चिखल झाला. गाडी पेंढीसकट तालुक्याला गेली.
फीचं अजून लेकीला सांगितलेलं नाही.

२१ सप्टें., सर्वपित्री अमावास्या
पितरांचं पान वाढलं आणि बांधावर गेले. खारीतली सगळी माणसं तिथेच. पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर कमी राहिलं. नवीन माती जरा पाझरली, तिथे भावोजी गोणी घेऊन आडवेच झाले. मग पाणी उतरलं. "वयनी, धरला," म्हणाले. मला रडू आलं, सगळ्यांसमोर.
तिथेच साहेबांचा फोन. त्या पेंढीवरून वरचे साहेब विचारतायत, पुन्हा पाहणी करू म्हणतात. कधी ते ठरलं नाही. "तोवर शेतातलं काही हलवू नका."
परतीचा पाऊस आहे तोवर नांगरलं तरच मीठ धुऊन निघेल. तो गेला की झालं. पण फी.
मी फोनवर हात ठेवून भावोजींना सांगितलं. ते चिखलाचे हात लुंगीला पुसत म्हणाले, "सांग त्यांना, उद्या नांगर हाय."
सांगितलं.