सातपैकी सहा बाहुल्या बेपत्ता असल्याबाबत

दिनांक : १६ जानेवारी २०१८

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
खाद्य परवाने व तपासणी कार्यालय, पश्चिम विभाग,
शिकागो.

अर्जदार : श्रीमती तोमासा किंतेरो, वय ६४, मालकीण, किंतेरो बेकरी, हॅलोरन रस्ता.

विषय : माझी बेकरी ज्या तक्रारीवरून बंद झाली, त्या तक्रारीत बाहुल्यांची संख्या खोटी दिल्याबद्दल तक्रारदाराची चौकशी होणेबाबत.

संदर्भ : १) श्री. एवारिस्तो ओल्गिन यांची दि. ८ जानेवारीची लेखी तक्रार.
२) आपल्या कार्यालयाचा दि. ९ जानेवारीचा बेकरी तात्पुरती बंद ठेवण्याचा आदेश.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, हॅलोरन रस्त्याच्या कोपऱ्यावर मी गेली सव्वीस वर्षे बेकरी चालवीत आहे. शिंपल्याच्या नक्षीचे गोड पाव, डुकराच्या आकाराची गुळाची बिस्किटे, नोव्हेंबरात मृतांसाठीचा पाव आणि ६ जानेवारीला तीन राजांच्या सणाचा रोस्का, म्हणजे कड्यासारखा मोठा गोड पाव, हा माझा माल आहे. सध्या माझ्या दारावर आपल्या कार्यालयाची बंदची लाल पट्टी आहे. या अर्जात फक्त बेकरी उघडण्याची विनंती करावी, बाकी काही लिहू नये, असे माझी मुलगी नायेली हिचे म्हणणे आहे. ती विनंती शेवटी येईल. आधी कामाचे लिहिते.

१. तक्रारदाराने लिहिले आहे की, दि. ६ जानेवारी रोजी माझ्या बेकरीतील रोस्का खाताना त्यांच्या दाताखाली "प्लास्टिकची एक बाह्य वस्तू" आली व दाढेचा तुकडा पडला. हे खरे आहे. ती वस्तू मीच घातली होती. रोस्क्यात बाळ येशूची बोटाच्या पेराएवढी बाहुली दडवलेली असते. ज्याच्या फोडीत ती निघेल त्याने २ फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, सगळ्यांना तामाल करून वाढायचे असतात. मक्याचे पीठ, आत मिरचीचे मांस, वर कणसाची साल, आणि वाफ. दर ६ जानेवारीला माझ्या बेकरीत रोस्का कापायला जमणाऱ्या साठ माणसांचे करायचे म्हणजे घरातली बाई दोन दिवस चुलीपुढून हलत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून काही लोक बाहुली लपवतात. तक्रारदार त्यांतले पहिले.

२. तक्रारदार हे मेक्सिकोतल्या मिचोआकानमधल्या आमच्याच गावचे. ते शिकागोत उतरले तेव्हा पाच महिने माझ्या पिठाच्या कोठीत झोपले. माझे पती कै. लाम्बेर्तो यांनी त्यांना कणीक मळायला शिकवले आणि नायेलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून त्यांनाच उभे केले. आज ते आमच्या रस्त्याच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि दर सप्टेंबरात, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाला, रुंद काठाची मोठी टोपी घालून परंपरेवर भाषण करतात. बाळ येशूला सरकारी कागदावर "बाह्य वस्तू" म्हणताना त्यांची जीभ कशी अडखळली नाही, याचाही तपास व्हावा.

३. मागील वीस वर्षांत तक्रारदाराच्या फोडीत बाहुली निघाल्याचे मी सात वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. एकदा त्यांनी ती रुमालात घातली. एकदा बुटात. एकदा शेजारी बसलेल्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या ताटलीत सरकवली, आणि त्या बिचाऱ्याने तामाल वाढलेही. बाकीच्या वेळी चॉकलेटच्या घोटाबरोबर गिळली. दर वेळी विचारले की उत्तर ठरलेले, "वहिनी, मला कुठली बाहुली! माझ्या नशिबात नुसता पाव." तक्रारीत "गिळताना जीव गुदमरण्याचा धोका" असे जे लिहिले आहे, त्याबाबत नम्रपणे कळविते की, या गृहस्थांना त्या कामाची वीस वर्षांची सवय आहे.

४. इथवर मी मूग गिळून बसले असते. महोदय, पुढचे मात्र बसू देत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत लाम्बेर्तो अंथरुणाला खिळले होते. ६ तारखेला मी त्यांना खुर्चीत बसवून बेकरीच्या खिडकीशी आणले. रोस्का कापला. तक्रारदार बोलायचे थांबले, तेव्हा लाम्बेर्तो माझ्या कानाशी म्हणाले, "गालात धरलीय बघ त्याने. एकाच बाजूने हसतोय." सगळ्यांसमोर तक्रारदाराचा मान जाऊ नये म्हणून लाम्बेर्तोंनी मला गप्प केले. मग तक्रारदाराला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "एवारिस्तो, मी पाहिलंय हं. यंदा तू सुटत नाहीस. मी दोन खाणार. एक हिरव्या मिरचीचा, एक गोड." त्यावर तक्रारदाराने लाम्बेर्तोंचा हात हातात घेतला आणि "आणतो, दादा" असा शब्द दिला. मी शेजारी उभी होते.

२ फेब्रुवारीला लाम्बेर्तोंनी पांढरा सदरा मागितला. दाढी करायला लावली. डॉक्टरांनी चार दिवस पातळ पेजेवर ठेवले होते, तरी सकाळपासून त्या खिडकीत बसून होते. दुपारी मी पेज दिली, तर म्हणाले, "नको. भूक मोडेल." तक्रारदार आले नाहीत. त्यांचे घर माझ्या दारापासून एकशे चाळीस पावलांवर आहे, मी मोजले आहे. दिवे लागले तेव्हा लाम्बेर्तो मला म्हणाले, "बर्फ फार आहे, निघाला नसेल." त्या दिवशी बर्फ नव्हता. १९ फेब्रुवारीला ते गेले. अंत्ययात्रेत सगळ्यांत मोठ्याने रडणारे गृहस्थ म्हणजे आपले तक्रारदार.

मला राग आहे, हे मी लपवीत नाही. चार वर्षे रोज पहाटे मी तो कणकेबरोबर मळते.

५. आता घटना. तक्रारदार रोस्क्याची एकच फोड घेतात, ज्यावर लाल फळवडीची लांब पट्टी असते ती. बाकी सगळे मोह त्यांना आवरतात, पण त्या पट्टीपुढे त्यांचे काही चालत नाही. यंदा मी पट्टी एकच लावली. तिच्याखाली, एका ओळीत, सात बाहुल्या पुरल्या. एकेका वर्षाची एक.

६ तारखेला पन्नास-साठ माणसांदेखत त्यांनी तीच फोड उचलली. पहिल्याच घासाला 'कट्' असा आवाज झाला. बाहुली त्यांच्या तळहातावर पडली. बेकरीत एकच गिल्ला झाला, "तामाल! तामाल!" समोरच्या न्हाव्याच्या दुकानाचे मालक चुय ओरडले, "एवारिस्तो, तोंड उघड जरा, आत आणखी कोण कोण बसलंय ते बघू दे!" तक्रारदाराने तोंड मिटले. उरलेली फोड दोन घासांत तोंडात कोंबली, राहिलेला चुरा फडक्यात बांधला, "बायकोसाठी नेतो" म्हणाले आणि दाढ धरून निघून गेले. तामाल टळावेत म्हणून दोन दिवसांनी आपल्याकडे तक्रार केली.

६. म्हणजे हिशेब असा की, बाहुल्या सात. तक्रारीत एक. उरलेल्या सहा कुठे आहेत? तक्रारदाराच्या पत्नी रोसेन्दा यांना मी चर्चच्या पायरीवर विचारले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते : "फडकं घरी आलं, पण आत नुसता चुरा. बाहुली एकही नाही. ह्यांचं पोट मात्र दोन दिवस ठिकाणावर नव्हतं. अन् तामाल शेवटी मलाच करावे लागतात गं, म्हणून मीही आजवर काही बोलले नाही." या बाईवर माझा राग नाही.

७. दि. ९ रोजी आपल्या निरीक्षक बाई आल्या. अतिशय सभ्य. बूट पुसून आत आल्या. त्यांनी विचारले, "पावात वस्तू आहे याची तुम्हाला कल्पना होती का?" नायेली मागून माझा अॅप्रन ओढत होती. मी म्हणाले, "होती तर! सात होत्या. त्यांनी एकच सांगितली का?" बाईंनी पेन खाली ठेवले, माझ्याकडे पाहिले, आणि मग दाराला पट्टी लावली. त्यांनी आपले काम केले, त्यांच्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही.

८. आदेशासोबत एक छापील नमुना मिळाला आहे. "सदर वस्तू माझ्या हलगर्जीपणामुळे खाद्यपदार्थात पडली" यावर सही केली की बेकरी दुसऱ्या दिवशी उघडते. नायेली रोज तो माझ्यापुढे ठेवते. "आई, एवढी एक सही कर ना गं. भट्टी थंड पडलीय, गिऱ्हाईकं दुसरीकडं जातायत. कशाला हट्ट?" मुलीचे बरोबर आहे. पण महोदय, माझ्या पावात हलगर्जीपणाने आजवर केससुद्धा पडलेला नाही. सातही बाहुल्या मी चष्मा लावून, मोजून, अंतर राखून घातल्या. ते काम निष्काळजीपणाचे होते असे मी कसे लिहू?

९. तरी माझ्या मागण्या खालीलप्रमाणे आहेत.

अ) तक्रारीच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. वीस वर्षांत तक्रारदाराने आपल्या हाताने बाहुली आपल्या फोडीत निघाल्याचे, "बाह्य वस्तू" म्हणून का होईना, प्रथमच लिहून खाली सही केली आहे. एक प्रत चर्चच्या फलकावर, एक न्हाव्याच्या आरशावर आणि एक व्यापारी मंडळाच्या कार्यालयात, अध्यक्षांच्या खुर्चीमागे लावायची आहे.

आ) तक्रारदाराच्या पोटाचा क्ष-किरण फोटो सरकारी रुग्णालयात काढण्यात यावा. प्लास्टिक फोटोत दिसत नाही, असे नायेली म्हणते. तरी काढावा. त्यांना तिथे तास दोन तास थंड टेबलावर झोपवले तरी माझी हरकत नाही.

इ) या प्रकरणाची सुनावणी २ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी अकरा वाजता, कार्यालयात न घेता माझ्या बेकरीत घेण्यात यावी, आणि तक्रारदाराला साठ माणसांच्या तामालांसह हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी. ते त्यांनी स्वतः करायचे आहेत. रोसेन्दाबाईंनी पिठाला हात लावल्यास ते धरले जाणार नाहीत.

१०. मी वर लिहिले होते की बेकरी उघडण्याची विनंती शेवटी करीन. ती अशी.

खिडकीशी ती खुर्ची अजून आहे. पुढे छोटे टेबल आहे. तक्रारदाराने साठ जणांना वाढण्याआधी दोन तामाल त्या टेबलावर ठेवावेत, एक हिरव्या मिरचीचा आणि एक गोड, आणि "दादा, उशीर झाला" एवढे मोठ्याने म्हणावे. त्यांना ते म्हणताना मला ऐकायचे आहे. ते झाले की आपला नमुना मी त्याच टेबलावर, आपल्याच पेनाने सही करून देईन. हलगर्जीपणा लिहीन. अडाणी बाई, नजर अधू, चूक माझी, आणखी आपण सांगाल ते सगळे लिहीन.

ते झाले नाही, तर आपली पट्टी दारावर तशीच राहू द्यावी. दुकान बंद असले तरी खिडकीत बसून रस्ता बघता येतो. हे मी एकदा पाहिले आहे.

कळावे,

भट्टी थंड असलेली, पण आपली नम्र,

(सही)
तोमासा लाम्बेर्तो किंतेरो

सोबत :
१) बंदच्या आदेशाची प्रत.
२) हलगर्जीपणाचा छापील नमुना, सहीविना.
३) कै. लाम्बेर्तो यांचे खिडकीतले छायाचित्र, पांढऱ्या सदऱ्यातले. पाहून परत करावे.
४) रोस्का, एक नग, घरच्या ओव्हनमध्ये भाजलेला, कार्यालयातील सर्वांसाठी. आत बाहुली आहे, हे नियमाप्रमाणे लेखी कळवीत आहे. लाल पट्टीची फोड कोणी घेऊ नये. ती २ फेब्रुवारीपर्यंत तक्रारदारासाठी राखून ठेवावी.